फिरकीचं झाकण

नगरहून सकाळची एसटी धरायची, डोंगरातल्या कुंडाकाठी भाकरी खायची आणि दिवस मावळायच्या आत परतायचं, एवढीच बन्सीची आणि त्याच्या बायकोची वर्षाकाठची सहल. सत्तर साली फिरकीच्या तांब्याचं झाकण तिच्या हातून कुंडात निसटलं. “एवढंबी सांभाळता येत न्हाई तुला?” म्हणत तो दिवसभर फणफणला. “कुंड आटलं की काढू,” ती हसून म्हणाली. ते आटलेलं कुणाच्या आज्यानंही पाहिलं नव्हतं. परतीच्या गाडीत तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. त्याच हिवाळ्यात ती तापानं गेली. बहात्तरच्या पावसानं दगा दिला. कुंड आटल्याचं कानावर येताच बन्सी बोडका तांब्या घेऊन एकटाच आला. तळाच्या भेगेत त्याला काळवंडलेलं झाकण सापडलं. फिरवताच घट्ट बसलं. काठावरचा धनगर आशेनं उतरला. “बाबा, घोटभर पानी हाय का?” “न्हाई,” बन्सी म्हणाला. “झाकन हाय.”