पाट परत न्या

हरिश्चंद्राने आणखी एक पाट घासून धुतला आणि भिंतीला टेकवून ठेवला. पाटाच्या मागे तेलरंगात घराण्याचं नाव होतं. मालकाने यायचं, नाव वाचून आपला पाट उचलायचा आणि दुसरा मूर्तिकार गाठायचा. चतुर्थीला अजून दीड महिना होता.

काल काजळी नदीला पूर आला. बाजारपेठेत पुरुषभर पाणी चढलं आणि त्याने कुणाची भीड ठेवली नाही, गणपतीचीसुद्धा. हरिश्चंद्राच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे कारखान्यात, शाडूच्या शंभरावर मूर्ती वाळत होत्या, लोकांनी आणून दिलेल्या ज्याच्या त्याच्या पाटावर. दुपारपर्यंत सगळ्यांचा गाळ झाला. "यंदा नदीच आली विसर्जनाला," असं चहावाला म्हणाला तेव्हा पेठ हसली. हसणार नाही तर काय करणार? हरिश्चंद्राला मात्र हसू आलं नाही.

आज लख्ख ऊन पडलं होतं. दारोदार चिखलाचे ढीग होते. दोऱ्यांवर गोधड्या, लग्नातल्या साड्या आणि मुलांच्या वह्या एकाच रांगेत वाळत होत्या. चौकात भाजीवाली येऊन बसली होती आणि बायका तिच्याशी नेहमीसारखी घासाघीस करत होत्या.

सकाळीच हरिश्चंद्राचा मुलगा नितेश जयगडहून आला. तिथल्या बंदरात तो नोकरीला होता. गुडघाभर गाळ उपसून झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, सत्तरी आली. आता पुरे. माझ्याकडे चला." हे तो दरवर्षी म्हणायचा आणि दरवर्षी शिव्या खायचा. आज हरिश्चंद्राने नुसती मान हलवली. ज्याचे पाट त्याला दिले की शाळा बंद, असं ठरून गेलं. त्याला वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. लोकांनी देव बसवायला पाट दिले होते आणि तो ते कोरेच परत करत होता.

दुपारपर्यंत सहाजण येऊन आपापला पाट घेऊन गेले. कुणी शब्दाने दुखावलं नाही. तेच त्याला फार लागलं.

मग सगुणा आली. तिचं घर अगदी नदीला लागून. काल त्याची एक भिंतच गेली होती. कोपरापर्यंत चिखल, केस कसेतरी बांधलेले, आणि काखेत साडीत गुंडाळलेलं काहीतरी. तिच्या तोंडाकडे बघायचा हरिश्चंद्राला धीर होईना.

"थांब हां, तुझा पाट देतो," असं म्हणून तो पाटांकडे वळला. एकेक पाट उलटा करून त्याने नाव वाचलं. सगुणाचा पाट सापडला नाही. पुन्हा पहिल्यापासून सगळे बघितले.

"सगुणे, तुझा पाट वाहून गेला गो," तो कसाबसा म्हणाला. "मी तुला फणसाचा नवा करून देतो. पण रागावू नको."

"वाहून कसा जाईल काकानू? मी दिलाच कुठं होता?" सगुणाने साडी सोडली आणि आतला पाट पुढे केला. "परवा आणणार होते, तर ह्यो पाऊस. घरातला सगळा गेला बघा. पाट तेवढा वर आढ्याला जाऊन अडकला होता."

"अगो वहिनी, बाबा शाळा बंद..." नितेश मागून बोलायला लागला.

हरिश्चंद्राने दोन्ही हात पुढे करून पाट घेतला होता. तो त्याने छातीशी धरला.

"केवढा करू?" त्याने विचारलं. "दरवर्षीएवढाच?"

सगुणाने थोडा विचार केला.

"वीतभर मोठा करा यंदा," ती म्हणाली. "घरात आता जागाच जागा हाय."