सैल मूठ

लेकीच्या नेमबाजीच्या पिस्तुलाची लाकडी मूठ आईने स्वतः कोरली होती, अगदी तिच्या पंजाच्या मापाने, एका बोटाचीही जागा न चुकता. पण वसतिगृहातून सुट्टीला आली की लेकीची तीच कुरकुर, "आई, परत हातात सैल झाली बघ. कसलं कच्चं लाकूड घेतलंस गं?"

"कच्चं? तुझ्याहून वयाने मोठं आहे ते!" आई हसली खरी, पण जिवाला घोर लागला. दोनदा आतून पातळ पट्टी चिकटवून झाली होती. स्पर्धा तर तोंडावर आलेली. शेवटी नवीच मूठ कोरायची ठरवून ती टेप घेऊन बसली आणि मापासाठी तिने लेकीची बोटांपर्यंत ओढलेली बाही वर सारली.



लाकूड तसूभरही आटलं नव्हतं.