होळीच्या फळ्या

खालापूरच्या गोदामात परदेशी कंटेनर उघडला आणि रूपेशच्या अंगावर काटा आला. खोक्यांच्या फळ्यांना बारीक भोकं होती आणि त्यांतून कधी न पाहिलेले किडे बाहेर येत होते. "यातला एक जरी सुटला तर तालुक्यातली झाडं पोखरून काढेल," म्हणत साहेबांनी दार पुन्हा बंद करून घेतलं.

मागच्या खेपेच्या असल्याच भोकांच्या फळ्या रूपेशने आपल्या गावच्या, कोंडाण्याच्या होळीसाठी घरी नेल्या होत्या. त्या जळाल्या असतील, एवढाच त्याला धीर होता. तरी घरात पाऊल टाकताच त्याने आईला विचारलं.

सोनुबाई म्हणाली, "दोन भोकं पडली म्हनून चांगल्या फळ्या कोन जाळतं रं? आंबा लगडलाय, त्याच्या फांद्यांना टेकू लावलेत."