आतली बातमी

"हो की नाही, एवढंच सांग," रेनाटो म्हणाला. "नोकरी देऊ केलेले व्हँकुव्हरवाले दुपारपर्यंतच थांबणार आहेत. घरी बायको अर्धं सामान बांधून बसलीय. तू हो म्हणालीस तर खोकी सोडायला सांगतो."

तालीनची नजर खिडकीतून रस्त्यापलीकडे गेली.

बरबँकमधल्या लँटर्नफिश या छोट्या ॲनिमेशन स्टुडिओचं सगळं काम ती सांभाळायची. रेनाटो तिथला सगळ्यात चांगला ॲनिमेटर. अर्धवट राहिलेल्या चित्रपटातलं म्हातारं कासव त्याच्याच हातून श्वास घेत होतं. स्टुडिओची तिजोरी कोरडी पडत चालली होती आणि माणसं एकेक करून गळत होती. रस्त्यापलीकडच्या मोठ्या हॉलोवे स्टुडिओने पूर्वी त्यांचे चित्रपट जगभर दाखवले होते. मग भांडण झालं, करार मोडला. आता मात्र जिकडेतिकडे एकच कुजबुज होती: हॉलोवे पुन्हा हात मिळवणार.

ही कुजबुज तालीननेच सोडली होती. ध्वनी विभागातल्या मार्विनला ती म्हणाली होती, "कुणाला सांगू नकोस हं." मार्विनच्या बाबतीत दवंडी पिटण्याचा याहून सोपा मार्ग नव्हता. राजीनामा द्यायला निघालेली दोन माणसं आपापल्या जागी जाऊन बसली. चित्रपट पुरा होईपर्यंत एवढं खोटं खपून जाईल, असं तिला वाटलं.

पण अफवा फिरून तिच्याकडे परत आली ती ओळखू न येण्याइतकं बाळसं धरून. हॉलोवेच्या आवारात आपल्याला गाड्या लावायला जागा मिळणार, असं स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली. त्यांचा वितरणप्रमुख ल्यूथर आपले जुने चित्रपट पुन्हा बघतोय, असं संकलक म्हणाला. बाहेरच्या टाको विकणाऱ्या खाऊगाडीपाशी हॉलोवेचे लोक "या सोयरे, या!" म्हणत लँटर्नफिशच्या पोरांना रांगेत पुढे घेऊ लागले. यातलं काहीच तिने रचलं नव्हतं. आपण पेरलं नाही ते उगवतंय, म्हणजे पलीकडेही कुणीतरी पेरतंय. तिने हा तर्क उलटासुलटा करून तपासला. त्यात खोट सापडेना. कित्येक आठवड्यांनी तिला पोटभर जेवण गेलं.

"काय गं बॉस, थिजलीस की काय?" रेनाटो म्हणाला. "तुझ्या आईची शपथ घातली असती, पण तू तिच्याशी बोलतच नाहीस. खरं सांग. नाताळात बाळ येतंय. इथली नोकरी गेली की विमाही गेला. बाळंतपण काय टाकोच्या गाडीत करू?"

"थांब इथेच," तालीन म्हणाली. "करार होतोय."

"तुला तसं वाटतंय, की माहीत आहे?"

"माहीत आहे."

त्याने तिथेच उभ्या उभ्या व्हँकुव्हरला फोन लावला, आभार मानले आणि नाही म्हणून सांगितलं. मग बायकोला फोन केला. "खोकी सोड गं. कुठे जात नाही आपण." पलीकडचं हसू तालीनलाही ऐकू आलं. जाताना त्याने तिच्या टेबलावरचा शेवटचं बिस्कीटही उचललं. "आता श्रीमंतांकडचं खाऊ या," म्हणाला.

दार लागलं आणि तालीनचा फोन वाजला. हॉलोवेचा ल्यूथर. करार मोडल्यापासून त्याने कधी फोन केला नव्हता. तिने दोन्ही हातांनी फोन कानाला धरला.

"तालीन, आधी माझे आभार मान," तो म्हणाला. "ते गाड्या लावायच्या जागेचं पिल्लू मीच सोडलं. तुमच्याकडून बातमी आली आणि इथल्या लोकांच्या जिवात जीव आला, म्हणून मीही जरा वारा घातला."

"म्हणजे तुमच्या मालकांनी अजून..."

"मालक? अगं, ते या शुक्रवारी आमच्याच दाराला कुलूप ठोकणार होते. तुमच्या भरवशावर मी त्यांना कसंबसं थोपवलंय. आता लपवू नकोस. आम्हालाही तारेल एवढा पैसा लावणारा तुम्हाला भेटला तरी कोण?"