भरलेली गाडी

तो चढला आणि गाडीतल्या सगळ्यांच्या पाठी ताठ झाल्या.

इस्त्रीचा शर्ट, चामड्याची बॅग, चकचकीत बूट. या रस्त्यावर बुटांची चमक दुसरा दिवस बघत नाही. म्हणजे माणूस बाहेरचा. कंडक्टरने शिलाईमावशीकडे बघून भुवया उडवल्या. हाच.

मावशीने मांडीवरचं गाठोडं उगाच सावरलं. आत गिऱ्हाइकांचे शिवलेले कपडे आहेत असं सांगायचं ठरलं होतं. आत घरच्या उशा होत्या.

या आठवड्यात मुख्य ऑफिसातून कोणीतरी येऊन माणसं मोजणार होतं. जातानाची, येतानाची. गाडी अर्धी रिकामी दिसली की फेरी बंद. मावशीच्या लेकीला कॉलेजात प्रवेश मिळाला होता, वर्ग सोमवारपासून. वसतिगृह परवडणारं नव्हतं. घरात मशिनं दोन होती, त्यातलं एक रिकामं. मावशीला त्या रिकाम्या मशीनचीच भीती वाटायची.

म्हणून आज काम असो नसो, जो तो गाडीत.

थांबा: पाण्याची टाकी

दोन सुना, त्यांची सासू, आणि त्या सासूशी वर्षभर न बोललेली शेजारीण. चौघी एकाच बाकावर. शेजारणीने खिडकीबाहेर तोंड केलं.

टिक. टिक. टिक. टिक.

मावशीच्या शेजारची मुलगी मुठीत काहीतरी दाबत होती. मांडीवर सॅक, सॅकवर उघडं पुस्तक.

"पेन बिघडेल गं अशाने."

"सवय लागलीय, मावशी."

"परीक्षेचं टेन्शन, दुसरं काय! कॉलेजला ना?"

"कॉलेजच्या थांब्याला."

"वरच्या गावातली का तू?"

"वरच्या टोकापासूनच बसलेय."

"माझी लेक पण येणारेय सोमवारपासून. जरा भित्री आहे. सांभाळून घेशील?"

मुलीने पुस्तकातून मान वर केली. "रोज येणार ती?"

"गाडी राहिली तर रोज."

थांबा: वळणावरचं झाड

कोणी नाही. गाडी तरी थांबली. ड्रायव्हरची सवय.

थांबा सुटल्यावर

"तात्या, आज शहरात काय काढलंत?" कंडक्टरने घसा ताणून विचारलं.

"दाढ!" तात्या त्याहून मोठ्याने ओरडले. "ठणकतेय रात्रभर!"

तात्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. मावशीने मागून त्यांच्या पाठीत कोपर मारलं. तात्यांनी गाल धरला.

"म्हणजे... दाढेची जागा ठणकतेय."

दोन्ही सुनांनी पदरात तोंड खुपसलं. बूटवाला मागे वळून बघत होता. त्याने बॅग उघडली, आत बघितलं, पुन्हा बंद केली. मावशीने गाठोड्यावर दोन्ही हात ठेवले. संपलं, तिला वाटलं. या म्हाताऱ्याच्या दाढेपायी माझी पोर मशीनवर बसणार.

थांबा: कोंबड्यांची शेड

बूटवाला उतरला. शेडचा मालक धावतच आला.

"डॉक्टर, किती उशीर! सकाळपासून माना टाकताहेत!"

दार बंद झालं. गाडी हलली. मग सासू म्हणाली, "म्हणजे कोंबड्यांचा डॉक्टर?"

गाडी हसायला लागली. वर्षभर न बोललेली शेजारीण सासूच्याच खांद्यावर डोकं टेकून हसली. मावशी डोळे पुसत होती. छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून रस्त्यावर टाकला होता.

"तात्या, त्यालाच दाखवायची होतीत दाढ!" कंडक्टर ओरडला.

"गप बस. मी नसतो तर गाडी रिकामी दिसली असती."

"पण मग मोजणारा?" थोरल्या सुनेने विचारलं.

"उद्या येईल नाहीतर परवा," कंडक्टर म्हणाला. "तोवर चढत राहा. परतीला पण. थांब्यावर उभा राहून मोजणारा असला तर?"

"मग मफलर बदलू," तात्या म्हणाले. "मी ड्रायव्हरचा घालतो. तेच माणूस वाटायला नको."

मावशी मुलीकडे वळली. "ऐकलंस ना? हसशील आम्हाला. हे काही कोणाला सांगू नकोस हो."

"नाही सांगणार," मुलगी म्हणाली आणि पुस्तकाचं पान उलटलं.

थांबा: कॉलेज

शेवटचा थांबा, सगळे उतरले. गाडीला वळसा घातला, नळावर पाणी प्यायले, मागच्या दाराशी रांगेत उभे राहिले. तात्या ड्रायव्हरच्या मफलरमध्ये. सुनांनी साड्यांवर एकमेकींचे स्वेटर चढवलेले. सासूने चष्मा काढला होता, त्यामुळे तिला पायरी दिसेना. शेजारणीने हात धरून चढवलं.

मावशी एकटी फाटकाशी उभी होती. आत लांब व्हरांडा, खिडक्यांची रांग, कोणीतरी फळा पुसत होतं. सोमवारी लेक त्यातल्या एका खिडकीत असेल. गाठोडं छातीशी धरून ती बघतच राहिली.

"तुमच्या वरच्या गावची ती पोरगी गुणी आहे हो," आत बसलेल्या तात्यांना सासू सांगत होती, ते गाडीच्या खिडकीतून ऐकू आलं.

"आमची कुठली? मला वाटलं, तुमच्या टाकीपाशी चढली."

"छे! आम्ही आलो तेव्हा बसलेलीच होती."

मावशी वळली. मुलगी मागच्या दाराशी उभी होती. सॅक पाठीवर, पुस्तक बंद, मूठ अजून मिटलेली. ती कॉलेजात गेलीच नव्हती. मावशी समोर येताच तिने मूठ उघडली. हातात पेन नव्हतंच. अंगठ्याने दाबायची कळ असलेलं एक गोल, स्टीलचं यंत्र होतं. त्याच्या काचेखाली आकडे होते.

"चढा ना, मावशी," ती हळूच म्हणाली. "परतीचे सगळे झाले. तुम्हीच मोजायच्या राहिलात."