विहिरीच्या काठावरचा आचारी

"देश बघायला निघालेत, आणि ताटात पायजे पिठलं-भात!" सहल कंपनीचा आचारी केरबा बेसन घोटत पुटपुटला. गुजरातेत, पाटणला, राणीच्या विहिरीबाहेर बस उभी होती नि मंडळी विहीर बघायला गेली होती. तेरा वर्षं तो असल्या लोकांना देशभर जेवू घालत होता. काश्मिरात जाऊन लिंबाचं लोणचं मागणारी जात ही!

शेजारी बाजरीचे रोटले भाजणाऱ्या म्हातारीनं मोडक्या हिंदीत विचारलं, "भाई, तू नाही जात बघायला?"

"काय बघायचंय, मासी? सपाट गवत नि मधी एक खड्डा. आमच्याकडं असल्या छप्पन्न विहिरी हायत."

म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. "दरसाल येतोस, काठावर शेगडी पेटवतोस. एकदा वाकून तरी पाहिलंस?"

ते हसणं झोंबलं. पळी टाकून केरबा तरातरा गेला आणि विहिरीच्या तोंडाशीच थबकला. जमिनीच्या पोटात सात मजले उतरत गेले होते, नि भिंतीभिंतीवर शेकडो मूर्ती उभ्या होत्या.

"तेरा वर्षं, गाढवा! तेरा वर्षं!" त्यानं स्वतःलाच शिवी हासडली नि पायऱ्या उतरू लागला.

किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. वर आला, तर मंडळी ताटं घेऊन बसलेली. त्यांतले नाना परचुरे ओरडले, "केरबा, पिठलं करपलं की रे!"

"करपू द्या," म्हणत केरबानं म्हातारीपुढं मांडी ठोकली. "मासी, रोटला वाढ. आधी मला, मग ह्यास्नी."