बोर्चामावशीचा विलाप

“आधी मेलंय कोण ते सांगा,” बोर्चामावशी म्हणाली आणि पुन्हा खसखस दळू लागली.

सेंदी बार्नाबाश तीन दिवस हाच प्रश्न ऐकत होता. ध्वनिमुद्रणाचं यंत्र, भला मोठा भोंगा आणि आवाज कोरून घ्यायच्या मेणाच्या नळ्यांची पेटी घेऊन तो बुडापेस्टहून आला होता. मेलेल्या माणसासाठी गायचा जुना विलाप येणारी ही एकच म्हातारी आता त्या भागात उरली होती. बाकीच्या गेल्या होत्या, आणि त्यांच्यासाठीही हीच रडली होती. बार्नाबाश जी संगीतरचना लिहीत होता ती त्या विलापाच्या जागी येऊन अडली होती. वर्षभर एक ओळ पुढे सरकत नव्हती.

पण गावात विलाप उगाच गात नाहीत. ज्याचं नाव घेऊन विलाप गायला, तो माणूस जिवंत असला तरी मग राहत नाही, असा तिथला पक्का समज. नाव न घेता गा, असं बार्नाबाशने सुचवून पाहिलं. नुसतंच रडायचं असेल तर शहरात परत जा, तिथे लोक त्यासाठी तिकीट काढतात म्हणे, असं ऐकवून ती हसली. मग त्याने अकरा वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांचं नाव पुढे केलं. त्यावर मात्र ती चिडलीच. त्यांच्यासाठी एकदा रडून झालंय, झोपलेल्या माणसाला परत कशाला उठवायचं?

दुपारी तिने आलुबुखार भरलेले उंडे वाढले. बार्नाबाश डाव्या हाताने खात होता, आणि काटा सारखा घसरत होता. एवढ्या उकाड्यात कोट अंगात, उजवा हात खिशात. म्हातारी तीन दिवस हे बघत होती.

“तो हात दाखवा,” ती म्हणाली.

त्याने डाव्या हाताने उजवा उचलला आणि एखादी वस्तू ठेवावी तसा टेबलावर ठेवला. याच हाताचा पियानो ऐकायला व्हिएन्नापर्यंतची सभागृहं भरत. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. त्यातून बार्नाबाश उठला, हात उठला नाही. लोकांना त्याने विश्रांती घेतोय म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणत होते, हात परत येईल. म्हणून रोज मलम, गंधकाच्या झऱ्यावर आंघोळी, आणि रोज तासभर पियानोसमोर बसून वाट पाहणं. हे सगळं त्याने पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

तिने दळण थांबवलं. “डॉक्टरांचं राहू द्या. तुम्ही काय म्हणता?”

ती काय विचारतेय ते त्याला नीट कळलं. जिवंत आहे म्हटलं तर विलाप मिळणार नव्हता. मेला म्हटलं तर ती गाणार होती, आणि तिने ज्याच्यासाठी गायलं ते परत येत नाही. यंत्रावर मेणाची नवी नळी चढवून ठेवलेली होती. बार्नाबाशने आधी त्या नळीकडे, मग टेबलावरच्या हाताकडे पाहिलं.

“मेला,” तो म्हणाला.

मावशी उठली. तिने पाणी कोमट केलं आणि प्रेताला घालतात तशी त्या हाताला आंघोळ घातली, एकेक बोट पुसलं, खाली भरतकामाचा रुमाल अंथरला. स्वतः काळा रुमाल डोक्याला बांधला. लहानपणी हा कसा होता, याने कुणावर माया केली, ते विचारून घेतलं. बार्नाबाशने यंत्र सुरू केलं.

“अरे हाता,” तिने सूर लावला, “झाडावरून पोर पडलं, तेव्हा तूच आधी भुईला टेकलास रे. आई अंथरुणाला खिळली, तिचे केस तूच विंचरलेस. आज न सांगता कसा रे निघालास?”

सूर उंचावरून निघून पायरी पायरीने खाली उतरत होता, आणि तळ काही येत नव्हता. युरोपातले मोठमोठे गायक बार्नाबाशने ऐकले होते, त्यांच्या साथीला बसला होता. या चुलीशेजारच्या आवाजापुढे ते सगळे त्याला तालीम करणारे वाटले. त्याला चक्क भीती वाटली. दोन मिनिटांत नळी संपली, सुई नुसती खरखरत राहिली. थांबवायला कुणी उठलं नाही. म्हातारी गात राहिली आणि बार्नाबाश लहान मुलासारखा मोठ्याने रडला, दोन वर्षांत पहिल्यांदा.

गाणं संपल्यावर तिने डोक्याचा रुमाल सोडला. मग टेबलाला वळसा घालून आली आणि त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. शाईचे डाग, नवे घट्टे तिने बोटाने चाचपून पाहिले.

“मेलेल्याचं झालं,” ती म्हणाली. “हा त्याचा मागं राहिलेला भाऊ. दोन वर्षं बिचारा एकटा दोघांचं करतोय. आणि पियानोपुढं बसून तुम्ही वाट कुणाची बघत होता? मेलेल्याची?”